लाळेचा हिशेब

लाळ या शब्दाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. कुणी लाळ गाळतो, कुणी लाळ घोटतो. दोन्ही बोलणी टोमण्याचीच. पण दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ मुकाट्यानं तयार होते, म्हणून भाकरीचा घास घशाखाली उतरतो, चव कळते आणि दात टिकतात. ती आटली की मग तिची किंमत कळते. आमच्या घरात ती वहिनींच्या निमित्तानं कळली.

वहिनींना २०१७ साली थायरॉइडचा कॅन्सर निघाला. गळ्यातली ग्रंथी शस्त्रक्रियेनं काढली आणि उरल्यासुरल्या पेशी नष्ट करण्यासाठी त्यांना किरणोत्सारी आयोडीन दिलं. उपचार जुना आणि गुणकारी. थायरॉइड रक्तातलं आयोडीन अधाशासारखं ओढून घेते; तेव्हा किरणोत्सारी आयोडीनच पोटात दिलं, की ते नेमकं शत्रूच्या घरात जाऊन पोचतं. बोस्टनच्या डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली थायरॉइडच्या अतिकार्यावर हा उपचार प्रथम केला. पुढं कॅन्सरसाठीही तो रूढ झाला. आजवर असंख्य माणसं त्यानं वाचली आहेत. आमच्या वहिनीही वाचल्या.

पण आयोडीन ओढणारी थायरॉइड एकटी नाही. लाळेच्या ग्रंथीही ते ओढतात आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीला हा मार अधिक बसतो. लाळ घट्ट होते, तिच्या नळीत चिकट गुठळ्या अडकतात, नळी आकसते. ताट समोर आलं की लाळ सुटते, पण तिला बाहेर पडायला वाट नसते. मग गाल फुगतो आणि ठणकू लागतो. सर्वांनाच असं होत नाही. मात्र औषधाची मात्रा वाढते, तसा धोका वाढतो; आणि त्रास कधी लगेच, तर कधी काही महिन्यांनी सुरू होतो.

वहिनींना तो सहा महिन्यांनी सुरू झाला. त्या सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर एकट्या जेवू लागल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "भाऊजी, कॅन्सर गेला. आता गालाचं काय घेऊन बसायचं?" एका डॉक्टरांनीही त्यांना तेच ऐकवलं होतं: जीव वाचला ना, मग एवढं चालायचंच.

मला हे पटेना. माझी हयात बँकेत गेली. लाखाचं कर्ज फिटलं म्हणून दुसऱ्या खात्यातली दहा रुपयांची चूक कुणी सोडून देत नाही. ती सापडेपर्यंत आम्ही रात्री बसत असू. वाचलेल्या माणसानं उरलेलं दुखणं बोलूनच दाखवू नये, हा कुठला हिशेब?

पूर्वी यावर उपाय थोडे होते. भरपूर पाणी पिणं, गालाला मालिश, आंबट गोळ्या चघळणं. या गोळ्यांचंही तारतम्य आहे. आयोडीन घेतल्यावर तासाभरातच लिंबाच्या गोळ्या सुरू केल्या, तर चोवीस तासांनी सुरू करण्यापेक्षा ग्रंथींना इजा जास्त होते, असं २००५ साली जपानी डॉक्टरांच्या अभ्यासात आढळलं. म्हणजे त्या कधी घ्यायच्या, हे डॉक्टरांनाच विचारावं. एवढ्यानं भागलं नाही, तर शेवटी ग्रंथी काढायची. पण चेहऱ्याच्या हालचाली सांभाळणारी नस पॅरोटिडमधूनच जाते. तिला धक्का लागला, तर तोंड वाकडं होण्याची भीती.

१९९०च्या दशकात युरोपात एक मधली वाट निघाली. जिनिव्हाचे डॉ. फ्रान्सिस मार्शल यांचा तिच्या विकासात मोठा वाटा आहे. पॅरोटिडची नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या बाजूला उघडते. नील्स स्टेन्सन या डॅनिश तरुणानं १६६० साली मेंढीचं डोकं तपासताना ही नळी शोधली. तिचं तोंड हलकेच रुंद करून साधारण एक मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत सरकवतात. सलाइननं नळी धुतात, गुठळ्या काढतात, आकसलेला भाग फुगवतात आणि सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड सोडतात. चेहऱ्यावर चिरा नाही, टाका नाही. या तंत्राला सायलेंडोस्कोपी म्हणतात.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तुंबलेली मोरी साफ करता येते, आटलेल्या विहिरीला पाणी आणता येत नाही. ग्रंथीचा जो भाग करपून गेला, तो दुर्बिणीनं जिवंत होत नाही. नळी फारच आवळली असेल, तर दुर्बीण आत जातच नाही. कधी ती पुन्हा आकसते आणि सगळं परत करावं लागतं. म्हणून दुखणं अंगावर काढण्यात शहाणपण नाही.

वहिनींनी २०१९ साली हा उपचार करून घेतला. जेवताना गाल फुगणं आणि ठणकणं थांबलं. तोंडाची कोरड मात्र पुरती गेली नाही. पाण्याची बाटली जवळ लागते, कोरडी भाकरी अजून आमटीत बुडवावी लागते. दातांचीही जास्त निगा राखावी लागते, कारण लाळ कमी झाली की दात लवकर किडतात.

आपल्या घरात, शेजारात कुणी हे औषध घेतलं असेल, तर तब्येत कशी आहे एवढंच विचारून थांबू नका. जेवण कसं जातं, तेही विचारा. आणि त्रास सांगितलाच, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्यांच्यासोबत जा. बरं झालेलं माणूस एकट्यानं तक्रार करायला संकोचतं.