मत्स्यपेटीतील शेवाळ : कारणे आणि उपाय

जलवनस्पती लावलेली मत्स्यपेटी पहिले काही आठवडे मोठी नेत्रसुखद दिसते. पुढे काचेवर हिरवे ठिपके उमटतात, पानांवर तंतू लोंबू लागतात, क्वचित सारे पाणीच हिरवे होते. अशा वेळी बाजारातून शेवाळनाशक औषध आणून ओतण्याचा मोह होतो. त्याने शेवाळ मरते हे खरे. पण मेलेले शेवाळ कुजते, कुजविणारे जीवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना आढळतात. तांबेयुक्त औषधे तर कोळंबी व गोगलगायींना अल्प मात्रेतही घातक ठरतात. म्हणून घरी मत्स्यपेटी ठेवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमचे सांगणे आहे, की शेवाळ नष्ट करण्याआधी ते का वाढले याचा शोध घ्यावा.

प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि नत्र, स्फुरद यांसारखी पोषकद्रव्ये शेवाळाला लागतात, तशीच ती जलवनस्पतींनाही लागतात. वनस्पती जोमदार असल्या तर शेवाळाच्या वाट्याला थोडेच उरते. प्रकाश भरपूर आणि वनस्पती मोजक्या किंवा खुरटलेल्या असल्या, की शेवाळाचे फावते.

पहिला उपाय प्रकाशाचा. दिवा दिवसातून सहा ते आठ तास पुरे. त्यासाठी टायमर लावावा. पेटी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये. पाणी हिरवे झाले असेल तर तीन-चार दिवस दिवा बंद ठेवून पेटी जाड कापडाने झाकावी, हवेचा पंप मात्र चालू ठेवावा आणि नंतर पाणी बदलावे.

दुसरा उपाय खाद्याचा. मासे दोन मिनिटांत संपवितील एवढेच खाद्य दिवसातून एकदा द्यावे. जेथे मुलांचा वावर असतो, तेथे प्रत्येक जण प्रेमाने चिमूटभर खाद्य टाकतो आणि तळाशी कुजणारे ते खाद्य शेवाळाचे खत होते. यासाठी खाद्य देण्याची पाळी ठरवून ती भिंतीवर लिहून ठेवावी.

तिसरा उपाय पाण्याचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे साधारण एक बादली, दर आठवड्याला बदलावा. नळाचे पाणी क्लोरिननाशक द्रव घालूनच वापरावे. फिल्टरचा स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने स्पंजातील उपयुक्त जीवाणू मरतात. माशांच्या विष्ठेतून व खाद्यातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम हेच जीवाणू करतात.

चौथा उपाय वनस्पतींचा. आरंभापासूनच भरपूर आणि झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती लावाव्यात. आपल्याकडच्या तळ्यांत आढळणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिसनेरिया व सेराटोफायलम या काटक असून पाण्यातील नायट्रेट लवकर शोषतात. पिवळी पडलेली पाने वेळीच खुडावीत.

शेवाळाचा प्रकार ओळखता आला, तर उपाय नेमका करता येतो. नव्या पेटीतील तपकिरी थर डायटमचा असतो. तो पुसता येतो व बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. काचेवरचे हिरवे ठिपके पात्याने खरवडावेत. निळसर हिरवा, दुर्गंधीयुक्त, पापुद्र्यासारखा सुटणारा थर वस्तुतः सायनोबॅक्टेरिया या जीवाणूंचा असतो. तो नळीने ओढून काढावा आणि तळाचा गाळ साफ करावा. दाढीसारखे काळे झुबके लाल शेवाळाच्या वर्गातील असतात. ते धरलेली जुनी पाने कापून टाकणेच श्रेयस्कर.

शेवाळ खाणाऱ्या प्राण्यांचेही साहाय्य होते. जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी आपल्या वनस्पतीयुक्त पेट्यांत कोळंबीच्या एका जातीचा असा उपयोग केला. ती आज ‘अमानो श्रिंप’ म्हणून ओळखली जाते. मात्र अशा जिवांना त्यांच्या भक्ष्याइतकेच स्वच्छ पाणीही आवश्यक असते. अस्वच्छ पेटीत त्यांना सोडणे म्हणजे आपले काम त्यांच्या जिवावर ढकलणे होय.

एप्रिल-मे महिन्यांत अधिक दक्षता हवी. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि रात्री वनस्पती व शेवाळही तोच वापरतात. या दिवसांत हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा आणि शेवाळनाशके कटाक्षाने टाळावीत. चार-पाच दिवस बाहेरगावी जायचे असेल, तर दिव्याची वेळ थोडी कमी करावी आणि शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा सोपवू नये. निरोगी प्रौढ मासे तेवढे दिवस खाद्याविना सहज राहतात.

काचेच्या एखाद्या कोपऱ्यात थोडे शेवाळ राहिले, तर ते राहू द्यावे. माशांच्या पिल्लांना आणि कोळंबीला त्यावर चरता येते.