बंदुका थांबवा, धान्य येऊ द्या : सुदानच्या युद्धविरामाविषयी सहा गैरसमज

शिंदखेड्यात ढेप म्हटली की गोठा आठवतो. सरकीची असो की शेंगदाण्याची, तेल निघाल्यावर मागे राहते ती ढेप. रात्री भिजत घालायची आणि सकाळी म्हशीपुढे ठेवायची. सुदानमध्येही शेंगदाणा पिकतो आणि तिथेही ढेप जनावरांचीच. तिला तिकडे ‘अंबाझ’ म्हणतात. २०२५ साली दारफुर भागातल्या अल-फाशेर शहरातल्या आया हीच ढेप शिजवून लेकरांच्या ताटात वाढत होत्या. मे २०२४ पासून शहराला वेढा पडला होता आणि बाहेरून धान्य येत नव्हतं. जग युद्धविराम मागत राहिलं. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी ते शहर पडलं.

सुदानचं लष्कर आणि ‘आरएसएफ’ हे निमलष्करी दल १५ एप्रिल २०२३ पासून एकमेकांशी लढत आहेत. लष्कराचे प्रमुख जनरल बुऱ्हान, आरएसएफचे प्रमुख हेमेदती. एक कोटीहून अधिक माणसं घरदार सोडून निघाली. आपल्याकडे या बातम्या येतात तेव्हा पारावर आणि व्हॉट्सॲपवर काही समज ठामपणे सांगितले जातात. ते एकेक करून तपासू.

गैरसमज १ : युद्धविराम म्हणजे युद्ध संपलं.

वस्तुस्थिती : युद्ध संपवतो तो तह. त्यात सत्ता, सीमा, निवडणूक असे प्रश्न सुटावे लागतात. मानवतावादी विराम त्याच्या फार अलीकडचा. ठरावीक दिवस गोळीबार थांबवायचा, तेवढ्या वेळात धान्य, औषधं आणि पाणी पोचवायचं, जखमींना बाहेर काढायचं. २० मे २०२३ रोजी जेद्दाह इथे ठरलेला विराम फक्त सात दिवसांचा होता. पुढे पाच दिवस वाढला. १२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त आणि संयुक्त अरब अमिराती यांनी मांडलेल्या योजनेतही आधी तीन महिन्यांचा विराम, मग कायमची शस्त्रसंधी आणि त्यानंतर नऊ महिन्यांत नागरी सरकारकडे वाटचाल, अशा पायऱ्या आहेत.

गैरसमज २ : पाऊस नाही, म्हणून तिथे उपासमार.

वस्तुस्थिती : खानदेशाला दुष्काळ सांगायला नको. १९७२ मध्ये आपल्याकडे पावसाने दगा दिला, पण रस्ते उघडे होते. दुष्काळी कामं निघाली, सुकडी वाटली गेली, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, ज्याला आपण ‘मिलो’ म्हणायचो, रेशनवर मिळाली. नाक मुरडत का होईना, माणसांनी तिच्या भाकरी खाल्ल्या आणि दिवस काढले.

सुदानचंही मुख्य धान्य ज्वारीच. तिथे वाट बंद पडली. जून २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पंधरा ट्रकांचा ताफा पोर्ट सुदानहून निघून अठराशे किलोमीटरचा रस्ता तुडवत अल-फाशेरकडे गेला. शहर ऐंशी किलोमीटरवर राहिलं होतं, म्हणजे धुळे-जळगाव अंतराहूनही कमी. तिथे अल-कोमा गावाजवळ ताफ्यावर हल्ला झाला, पाच जण मारले गेले आणि ट्रक जळाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अल-फाशेरमधली उपासमार शेवटच्या पायरीला पोचल्याचं तज्ज्ञांनी जाहीर केलं.

गैरसमज ३ : घरचं भांडण आहे, बाहेरच्यांनी पडू नये.

वस्तुस्थिती : १९४९ च्या जिनिव्हा करारांतलं तिसरं कलम खास देशांतर्गत युद्धासाठी आहे. जे लढत नाहीत त्यांना माणुसकीने वागवा, जखमींना उपचार द्या, हे दोन्ही बाजूंना बंधनकारक आहे. नागरिकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार करता येणार नाही, असं सुरक्षा परिषदेने २०१८ च्या ठरावात स्पष्ट म्हटलं. शिवाय बाहेरचे लोक या भांडणात आधीच आहेत. दारफुरमध्ये शस्त्रं नेण्यावर २००४ पासून बंदी असूनही ती येतच राहिली. अमिरातीतून आरएसएफला शस्त्रं जात असल्याचे आरोप विश्वासार्ह असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलं; अमिराती ते नाकारते. बाहेरून काडतुसं येतात, मग बाहेरून धान्य का येऊ नये?

गैरसमज ४ : संयुक्त राष्ट्रांनी हुकूम दिला की लढाई थांबते.

वस्तुस्थिती : ८ मार्च २०२४ रोजी सुरक्षा परिषदेने रमजानपुरता युद्धविराम मागितला. चौदा मतं बाजूने पडली, रशिया तटस्थ राहिला. लढाई थांबली नाही. १३ जूनला अल-फाशेरचा वेढा उठवा असा ठराव झाला. वेढा उठला नाही. १८ नोव्हेंबरला पुढच्या ठरावावर रशियाने नकाराधिकार वापरला. ठराव अमलात आणायला परिषदेची स्वतःची फौज नाही. दबाव येतो तो पैशाच्या, शस्त्रांच्या आणि सीमांच्या मार्गाने : कोण शस्त्रं विकतो, सोनं कोण घेतो, कोणती सीमा उघडते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हेमेदती आणि बुऱ्हान दोघांवरही निर्बंध घातले. नोव्हेंबरात आरएसएफने विराम मान्य असल्याचं सांगितलं, बुऱ्हान यांनी योजना फेटाळली, हल्ले चालूच राहिले. जे देश दोघांना बळ देतात तेच हात आखडता घेत नाहीत, तोवर कागद कागदच राहतो.

गैरसमज ५ : मोडणारा विराम काय कामाचा?

वस्तुस्थिती : जुन्या माणसांना नारू आठवत असेल. विहिरीच्या पाण्यातून पोटात जाणारा, पायातून बाहेर येणारा, काडीला गुंडाळत दिवसेंदिवस काढावा लागणारा जंत. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला. त्याच सुमारास सुदानमध्ये आधीचं यादवी युद्ध चालू होतं. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी दोन्ही बाजूंना केवळ नारूच्या कामासाठी गोळीबार थांबवायला राजी केलं. दोन महिन्यांचा विराम सुमारे सहा महिने चालला. आरोग्यसेवक गावोगाव फिरले, पाणी गाळायचं कापड वाटलं, मुलांना लसी टोचल्या. युद्ध त्यानंतरही चाललं, पण गाळलेलं पाणी आणि टोचलेली लस वाया गेली नाही. पुढे जानेवारी २००२ मध्ये नुबा डोंगराळ भागापुरता विराम झाला, तो वाढत गेला आणि २००५ च्या शांतता कराराला त्याने हातभार लावला.

गैरसमज ६ : आपला त्याच्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती : एप्रिल-मे २०२३ मध्ये ‘ऑपरेशन कावेरी’त भारताने ३,८६२ माणसं सुदानमधून बाहेर काढली. २४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून बहात्तर तासांचा विराम ठरला होता. तो धड पाळला गेला नाही, अधूनमधून गोळीबार होतच होता. तरी त्या फटीतून बसगाड्या पोर्ट सुदानला पोचल्या, नौदलाच्या जहाजांनी माणसं जेद्दाहला नेली आणि तिथून २४६ जण हवाई दलाच्या विमानाने मुंबईत उतरले. आपल्या माणसांना ते तास मिळाले म्हणून ती घरी आली. अल-फाशेरच्या माणसांना ते मिळाले नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी ‘युद्धविराम जाहीर’ अशी बातमी दिसली, तर तीन गोष्टी शोधा. किती दिवसांचा आहे? कोणता रस्ता उघडला? मोडला तर कोण नोंद घेणार? तिन्हींची उत्तरं असतील तर समजा की कुठल्यातरी चुलीवर ढेपेऐवजी ज्वारीचं पीठ शिजणार आहे. नसतील, तर मागणी सोडायची नाही.