पाळणा फिरवणारे हात

जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात माणसं बसवणं हे कसबाचं काम आहे, हे रांगेतल्या फारच थोड्यांच्या लक्षात येतं. आपल्याला एवढंच दिसतं, की खालचा पोरगा दोघांना बसवतो, दांडी लावतो, हात वर करतो. पाळणा सरकतो, पुन्हा थांबतो. कधी तो शेजारचा रिकामा डबा तसाच पुढे जाऊ देतो, कधी मागच्या धिप्पाड कुटुंबाला आपल्याआधी बोलावतो. मग रांगेतून आवाज चढतात. त्याचं गणित वेगळं चाललेलं असतं. सगळी माणसं एकाच बाजूला बसली तर ती बाजू खाली ओढते. मोटरला ते सगळं वजन एकटीला उचलावं लागतं, दोर घसरतो, ब्रेकवर ताण येतो, आणि थांबवलेला पाळणा आपसूक मागे फिरू पाहतो. म्हणून बारा डब्यांच्या पाळण्यात पहिला भरला की सातवा, मग चौथा, मग दहावा. समोरासमोर वजन तोललं गेलं पाहिजे. उतरवतानाही हाच हिशेब उलटा करायचा असतो, आणि तो जास्त अवघड, कारण तेव्हा प्रत्येकाला घाई असते. माणसाचं वजन विचारता येत नाही. नजरेनंच जोखायचं.

मोटर नव्हती तेव्हा हेच गणित अंगावर घेतलं जायचं. लाकडी रहाटपाळणा हातानं फिरे. मुंबईत माहीमच्या उरुसात आणि जुहूच्या वाळूत हातानं फिरवायचे पाळणे अगदी अलीकडेपर्यंत लोकांनी पाहिले आहेत. तिथली पोरं नुसता धक्का देत नसत. आऱ्यांवरून माकडासारखी वर चढत, शेंड्यापाशी लोंबकळत आणि स्वतःच्या वजनानं पाळणा खाली आणत. जमीन जवळ आली की उडी, पुन्हा चढ. ते पाहताना जीव मुठीत धरावा लागे. ती कला म्हणून मला थोर वाटते, आणि ती बंद झालेलीच बरी असंही वाटतं. पोटासाठी कुणाला फिरत्या चाकाला लटकावं लागू नये.

आपल्याकडे जत्रेबाहेर, कायमच्या जागेत, तिकीट लावून असे खेळ आले ते उशिरा. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं. मुंबईकरांना खाडी ओलांडून गोराईला नेणारं एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि शाळेच्या सहलीचा अर्थच बदलला. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ चं. त्याच्यासोबत ‘नायट्रो’ हा स्विस कंपनीनं बांधलेला रोलर कोस्टर आला. त्या गाडीला पायाखाली तळ नाही. बसणाऱ्याचे पाय मोकळे लोंबतात. म्हणजे गाडी फलाटावर असताना पायाखाली जमीन लागते, गाडी सुटण्याआधी ती खाली जायला हवी आणि समोरचं फाटक उघडायला हवं. जत्रेतल्या पोराचा तोल सांभाळण्याचा प्रश्न इथे संगणकाकडे गेला. माणसाकडे उरलं ते पाहणं. माझ्या मते हे काम हलकं झालेलं नाही, कठीण झालं आहे.

कोस्टरच्या फलाटावर हे काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. गाडी आत येते, हार्नेस उघडतात, माणसं उतरतात, नवी बसतात. प्रत्येक बाजूला एक अटेंडंट. तो पहिल्या रांगेपासून सुरू करतो. हार्नेस वर ओढून बघतो, मग खाली दाबतो, बेल्टला झटका देतो, नजर पायांकडे टाकतो, पुढची रांग. ओढ, दाब, झटका, नजर. हार्नेस बसल्याचं पॅनलवरचा दिवा सांगतच असतो. तरी हात लावायचाच. कुशीत दडवलेली पर्स किंवा मांडीवर घेतलेलं जर्किन दिव्याला कळत नाही. शेवटच्या रांगेपाशी पोचल्यावर तो मागे वळून सगळ्या गाडीवर पुन्हा एकदा नजर फिरवतो आणि अंगठा वर करतो. समोरच्या बाजूचाही अंगठा वर आला पाहिजे. मगच पॅनलवरचा ऑपरेटर बटण दाबतो. अनेक कोस्टरांवर एका माणसानं एक बटण दाबून गाडी सुटतच नाही. दोघांना आपापली बटणं एकाच वेळी धरून ठेवावी लागतात, म्हणजे एकाची डुलकी गाडी सोडू शकत नाही.

रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल दिसला की मोठ्यानं पुकारतात. दोघांनाही तो दिसलेला असतो, तरी पुकारायचा. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून पुकारतात. अंगठा वर करणं हे त्याच जातीचं आहे. डोळ्यांना पाहायची सवय झाली की ते न पाहताही ‘पाहिलं’ म्हणतात. हात आणि तोंड कामाला लावलं की डोळ्यांना तसं फसवता येत नाही.

कोस्टरच्या इतिहासात गाडी सांभाळणाऱ्या या माणसाची जागा फार मोठी होती. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्प्सन यांनी आपली उतरंडीची रेल्वे सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. गाडी एका टोकाला पोचली की लोक उतरत, नोकर गाडी ढकलून दुसऱ्या रुळावर नेत, तेव्हा परतीची फेरी होई. पुढे गाड्या मोठ्या झाल्या आणि ब्रेक लावायला माणूस गाडीवरच उभा राहू लागला. मेलबर्नच्या लुना पार्कात १९१२ सालची लाकडी सीनिक रेल्वे आजही चालते आणि तिच्या डब्यांमध्ये ब्रेकमन उभा असतो. कोपनहेगनच्या तिवोली बागेतला १९१४ चा कोस्टरही तसाच. पाऊस पडून रूळ निसरडे झालेत का, गाडीत लहान मुलं जास्त आहेत की थोराड माणसं, यावरून तो वळणाआधी किती ब्रेक दाबायचा ते ठरवतो. प्रवाशांबरोबर तोही त्याच उतारावरून खाली येतो, दिवसभर.

नंतर ब्रेक गाडीवरून रुळावर आले आणि ब्रेकमन फलाटावर उतरला. आता रुळाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एकच गाडी असू शकते. पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय मागच्या गाडीचा ब्रेक सुटत नाही. अनेक ठिकाणी हे ब्रेक मुळातच बंद असतात, हवेच्या दाबानं उघडतात. दाब गेला, वीज गेली, तर ते मिटतात. यंत्र बिघडावं तर सुरक्षित बाजूला बिघडावं, अशी ही योजना आहे. तिच्या आखणीला मी मनापासून दाद देतो.

तरीही २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सला ‘स्माइलर’ कोस्टरवर जे घडलं ते घडलं. एक रिकामी गाडी वाऱ्याच्या दिवशी वळसा पूर्ण न करता रुळावर अडकली होती. संगणकानं बरोबर ओळखलं आणि मागची भरलेली गाडी रोखून धरली. तिथल्या तंत्रज्ञांना वाटलं, संगणकच चुकतोय. त्यांनी त्याचा अडसर हातानं बाजूला केला आणि सोळा माणसांची गाडी सोडली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला. २०१६ मध्ये न्यायालयानं चालक कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड केला. दोष त्या दिवशीच्या कामगारांवर ढकलून मोकळं होता आलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. अशा वेळी काय करायचं, कुणाला विचारायचं, कुणी रुळावर प्रत्यक्ष नजर टाकायची, याची घडी बसवून देणं मालकाचं काम होतं. आपल्याकडे १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी झोक्यासारखी राइड मधोमध तुटली आणि दोन जण दगावले. फलाटावरचा पोरगा हार्नेस तपासू शकतो. लोखंडाला गेलेली चीर त्याला दिसणार नाही. ती सकाळी, फाटक उघडायच्या आधी, देखभालवाल्यांनी शोधायची असते. रूळ पायी फिरून, बोल्ट बघून, रिकाम्या फेऱ्या मारून, वहीत सही करून. त्या सहीच्या भरवशावर अटेंडंट दिवसभर अंगठा वर करत असतो.

लोकांशी त्याची खरी गाठ पडते ती उंचीच्या पट्टीपाशी. कुठे १२०, कुठे १४० सेंटिमीटर. बाप म्हणतो, दोन बोटांचा तर प्रश्न आहे, मी धरून बसतो की. मूल रडत असतं, मागची रांग कुरकुरत असते. हार्नेस खांदा, छाती आणि मांडी यांच्या ठरावीक मापावर बेतलेला असतो. त्याहून लहान शरीर त्यात सैल राहतं आणि उलट्या वळणात खालून सरकू शकतं. बापाच्या हाताला त्या वेळी स्वतःचंच डोकं सांभाळवत नाही. हे सगळं समजावून सांगायला अटेंडंटला अर्धं मिनिट मिळतं. दिवसभर शिव्या खाऊन ‘नाही’ म्हणणं हा त्याच्या नोकरीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

आपल्याकडे त्यात आणखी भर असते. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस, लांब मंगळसूत्र, पायातल्या सैल चपला. खिशातला मोबाइल वेगात सुटला तर खालच्याच्या डोक्यात बसतो. गो-कार्टसारख्या जमिनीलगतच्या खेळात तर चाकाच्या आसात गुंतणारी ओढणी जीवघेणी ठरते. म्हणून पदर खोचा, केस बांधा, ओढणी काढून ठेवा, हे त्याला परक्या बायकांना अदबीनं आणि तरीही ठामपणे सांगावं लागतं. विशीतल्या पोराला हे जमणं सोपं नाही. ताई, काकू म्हणत म्हणत तो ते जमवतो. अटेंडंट मुलगी असेल तर हे काम निम्मं होतं, आणि नेमणुका करताना हे ध्यानात घ्यायला हवं.

ओरडणाऱ्यांची त्याला काळजी नसते. ओरडणारा मजेत असतो, निदान शुद्धीवर तरी असतो. तो शोधतो गप्प झालेला चेहरा. पांढरा पडलेला, मान एका बाजूला कललेला, दांडीवरची पकड सुटलेला. जत्रेतल्या पाळण्यावर असा एक चेहरा दिसला की क्लच सोडून डबा खाली आणायचा, पण झटक्यानं नाही, नाहीतर वरचे डबे झुलू लागतात. उलटी झाली तर पाणी मारून, पुसून, वास जाईपर्यंत तो डबा रिकामा फिरवायचा. हेही त्याचंच काम.

सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे तोचतोचपणा. कानावर तेच गाणं, तीच सूचना, उन्हात तापलेलं लोखंड, पायांना गोळे. दुपारनंतर हात आपोआप चालू लागतात आणि धोका तिथेच असतो. म्हणून चांगल्या पार्कांत माणसाला एका जागी फार वेळ ठेवत नाहीत. हार्नेसवरून पट्टीपाशी, पट्टीवरून पॅनलवर, तिथून दुसऱ्या राइडवर. फिरत्या पाळणेवाल्यांकडे बदली माणूस क्वचितच असतो. जत्रा रात्री दोनपर्यंत चालते, आणि पहाटे पाळणा उतरवून ट्रकवर चढवायला तेच हात लागतात. रात्री उशिराच्या फेरीला बसताना हे आठवावं.

बॉयलर चालवणाऱ्याला आपल्याकडे परीक्षा देऊन सक्षमतेचा दाखला मिळवावा लागतो. राइड चालवणाऱ्यालाही तसाच दाखला मिळावा, त्याच्या स्वतःच्या नावाचा, पार्क किंवा जत्रा बदलली तरी सोबत जाणारा, आणि त्यानुसार पगार. पुष्कळांची ही पहिली नोकरी असते. ती ‘बटण दाबायचं काम’ म्हणून दिली की माणूस ती तशीच करतो आणि बरी नोकरी मिळाली की निघून जातो. जाताना कुठल्या डब्याची दांडी जरा सैल बसते, पाऊस सुरू झाल्यावर ब्रेक किती उशिरा धरतो, ही माहितीही सोबत घेऊन जातो.

आणि मुलांना घेऊन निघणार असाल तर त्यांची उंची घरीच, चपला काढून, भिंतीला टेकवून मोजा. जी राइड मिळणार नाही तिचं नाव मुलाला आधीच सांगा. पट्टीपाशी उभ्या असलेल्या त्या पोराचं अर्धं मिनिट वाचेल, ते तो तुमच्या पुढच्या माणसाच्या बेल्टला झटका देण्यात घालवेल.