दोनशे आठ नळ्यांची सामाईक खरेदी

दिवाणखान्यातील विजेचा गोळा गेला, की घरातील दहा-बारा वर्षांचा मुलगाही स्टुलावर चढून तो काढतो आणि नवा बसवतो. यात कौतुक गोळ्याचे नाही, होल्डरचे आहे. तोच गोळा तारांना सोल्डरचा डाग देऊन कायमचा जोडलेला असता, तर दर खेपेस कारागिराला बोलावणे धाडावे लागले असते. संगणकाच्या कळफलकांच्या एका जातीत नेमकी हीच अडचण आहे. ती दूर करणाऱ्या एका इवल्याशा नळीसाठी, एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे आपापले पैसे एका अनोळखी गृहस्थाच्या हाती देऊन सामाईक खरेदी करतात. हा व्यवहार कसा उभा राहतो आणि कोठे कोसळतो, हे समजून घेण्याजोगे आहे.

नेहमीच्या स्वस्त कळफलकात बहुधा सर्व कळांखाली रबराचा एकच पडदा असतो. कळ दाबली की त्यावरील फुगवटा दबतो आणि अक्षर उमटते. यांत्रिक कळफलकाची गोष्ट निराळी. त्यात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो, आणि त्या स्विचच्या पोटात एक स्प्रिंग, धातूची पाती व वरखाली सरकणारा दट्ट्या असतो. जर्मनीतील चेरी कंपनीचा ‘एमएक्स’ हा १९८० च्या दशकातील नमुना या जातीचा मूळपुरुष म्हणावा लागेल. त्याची कळ एकंदर ४ मिलिमीटर खाली जाते, पण निम्म्या वाटेवरच संपर्क जुळतो. टंकलेखनाच्या वर्गात गोदरेजच्या यंत्रावर ज्यांची बोटे घडली, त्यांना या कळांची ओढ का वाटते हे वेगळे सांगावयास नको. कोणाला जड स्प्रिंग रुचते, कोणाला हलकी. कोणाला टकटक आवाज हवा असतो, तर कोणाच्या घरी झोपलेले मूल असते. त्यामुळे स्विच बदलून पाहण्याची हौस या मंडळींत स्वाभाविकच असते.

अडचण येते ती येथे. प्रत्येक स्विचला धातूचे दोन पाय असतात. ते सर्किटच्या पाटीवरील छिद्रांतून पलीकडे जातात आणि तेथे सोल्डरने पक्के केलेले असतात. १०४ कळांच्या पूर्ण कळफलकात असे २०८ डाग होतात. स्विच बदलावयाचा तर यांपैकी एकेक डाग वितळवून सोल्डर शोषून घ्यावे लागते. तापती सळई क्षणभर अधिक टेकली, की छिद्राभोवतीचे तांब्याचे कडे पाटीपासून सुटते. मग ती कळ मुकी होते, आणि तिला बोलती करणे हे घरच्या हौशी माणसाचे काम राहत नाही.

यावर उपाय म्हणजे होल्डर, अर्थात सॉकेट. सॉकेट बसले की स्विच चिमट्याने उपटता येतो आणि अंगठ्याने दाबून बसवता येतो. या सॉकेटांच्या तीन तऱ्हा प्रचलित आहेत. चीनमधील डोंगग्वान येथील कैहुआ कंपनी ‘कैल’ या नावाने एक सॉकेट विकते. ते पाटीच्या मागल्या अंगाला बसते, मात्र त्यासाठी पाटीच मुळात त्या बेताने आखलेली असावी लागते. दुसरी तऱ्हा न्यूयॉर्क राज्यातील मिल-मॅक्स कंपनीच्या बारीक नळ्यांची. या जुन्या पाटीच्या छिद्रांतही जातात, पण एकवार सोल्डर करून घ्याव्या लागतात, आणि सोल्डरचा थेंब नळीच्या आत उतरला तर ती नळी वाया गेलीच. तिसरी तऱ्हा ‘होल्टाइट’ची. मूळ अमेरिकेतील ऑगट कंपनीचे हे उत्पादन पुढे टीई कनेक्टिव्हिटी या कंपनीकडे आले. ही नळी छिद्रात नुसती दाबून बसवतात. तिचे अंग छिद्राच्या भिंतीला घट्ट धरते आणि आतील बोटे स्विचच्या पायाला धरतात; सोल्डरचे नाव नाही. जुना, आवडता कळफलक ज्याच्यापाशी आहे, त्याला मोह पडतो तो हिचाच. अर्थात जुने २०८ डाग एकदा तरी काढावेच लागतात, परंतु ते अखेरचे.

आता खरेदीकडे वळू. होल्टाइट काही कळफलकांच्या हौशीसाठी जन्माला आलेले नाही. चिपा व इतर सुटे भाग पाटीवर काढघाल करता यावे म्हणून कारखानदारांसाठी ते घडवले गेले, आणि कारखानदार डझनाने नव्हे, हजारांनी घेतो. म्हणून विक्रेत्यांचे भावही नगांच्या पायऱ्यांवर ठरतात: शंभरास एक, हजारास दुसरा, दहा हजारांस तिसरा. उदाहरणापुरते असे धरू, की थोड्या नगांना भाव १२ रुपये आहे आणि दहा हजारांवर तो ६ रुपयांस उतरतो. वाकड्यातिकड्या निघणाऱ्या नळ्यांची तूट धरून एका माणसाला २२० नळ्या लागतात. एकट्याने घेतल्यास त्याला २,६४० रुपये पडतील, शिवाय परदेशी टपालाचा संपूर्ण भार त्याच्याच माथी. असे पन्नास जण एकत्र आले तर मागणी ११,००० नळ्यांची होते, आणि प्रत्येकाचा वाटा १,३२० रुपयांवर येतो.

हे गणित मराठी माणसाला नवे नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून याच तत्त्वावर चालत आलेली आहे. एकेका भागातील कुटुंबे आपला संघ करून वाणसामानाची मागणी एकत्र नोंदवतात, पंचायत घाऊक खरेदी करते आणि आलेला माल सभासद आपापसांत वाटून घेतात. परंतु तेथे संघातील कुटुंबे शेजारपाजारची असतात. तूरडाळ किलोभर कमी भरली तर दार कोणाचे ठोठावायचे हे ठाऊक असते. सॉकेटांच्या खरेदीत एक सभासद टोरांटोला, दुसरा हॅम्बुर्गला, तिसरा पुण्याला, आणि पैसे ज्याच्या हाती तो आणखी चौथ्याच गावी! शिवाय तो व्यापारी नसतो. त्याचे दुकान नाही, त्याचा नफा नाही, आणि म्हणून त्याच्यावर चालणारा धाकही जवळजवळ नाही.

अशा आयोजकाने पहिले काम करावयाचे ते पैशाचे नव्हे, मापाचे. चेरीच्या नमुन्याच्या स्विचसाठी पाटीवर सामान्यतः दीड मिलिमीटरचे छिद्र ठेवतात. पण ‘सामान्यतः’ या शब्दात सारा घोटाळा दडलेला आहे. छिद्राच्या आतून तांब्याचा लेप असतो, त्याची जाडी कारखान्यागणिक बदलते, आणि जुन्या पाट्यांची छिद्रे तर आपल्याच तऱ्हेची. दशांश मिलिमीटरने छिद्र मोठे निघाले तर नळी सैल राहते आणि स्विचबरोबर बाहेर येते. तितक्यानेच लहान निघाले तर दाबलेली नळी आतील तांबे खरवडून टाकते, आणि मग सोल्डरकडे परत जाण्याचा मार्गही बंद होतो. होल्टाइटचे अनेक आकार असल्याने क्रमांकातील एका अंकाच्या चुकीने सर्वांचाच माल निरुपयोगी होऊ शकतो. म्हणून शहाणा आयोजक आधी दहा-वीस नळ्या स्वतःच्या खर्चाने मागवतो, दोन-तीन निरनिराळ्या पाट्यांत बसवतो, स्विच पुनःपुन्हा काढघाल करून पाहतो, आणि कोणत्या कळफलकात त्या बसल्या व कोणत्यात बसल्या नाहीत हे सर्वांना लिहून कळवतो. ‘बसायला हरकत नसावी’ एवढ्यावर जो पुढे जातो, त्याच्या खरेदीत पडू नये.

मग येते ती नोंदणी. ‘मलाही हव्यात’ म्हणणारे पुष्कळ मिळतात. पैसे मागितले की त्यांतील बरेच जण दिसेनासे होतात. त्यामुळे नुसत्या होकारांची बेरीज करून दहा हजारांची पायरी गाठली असे समजणे धोक्याचे. भाव ठरवावा तो हातात आलेल्या पैशांवर. आणि पायरी गाठली गेली नाही तर काय, हेही आधीच सांगावे: पैसे परत मिळतील, की वरच्या भावाने खरेदी होईल? हा एक प्रश्न अगोदर न विचारल्यामुळे चांगल्या ओळखींत वितुष्ट येते.

पैसे एकदा गोळा झाले की आयोजकाच्या खात्यात एकाएकी मोठी रक्कम पडून असते, आणि येथेच खरी कसोटी लागते. बेइमानी हा एकच धोका नव्हे. प्रामाणिक माणूसही घरच्या आजारपणात त्या पैशाला हात लावतो, महिनाअखेर भरून काढीन म्हणतो, आणि ते भरून निघत नाहीत. म्हणून खाते वेगळे असावे, आणि विक्रेत्याची पावती मिळताच ती सर्वांना दाखवावी. मालाचा भाव, चलनबदलाची घट, पैसे पाठवणाऱ्या कंपनीची दलाली, पाकिटे, टपाल या प्रत्येकाचा आकडा निराळा मांडावा. आयोजकाने आपल्या श्रमाचे काही घेतले तर त्यात लाज नाही. फक्त तेही आकड्यात लिहिलेले असावे. या प्रथेतून व्यापारही उभा राहिला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील मासड्रॉप ही कंपनी २०१२ मध्ये सामाईक खरेदीच्याच कल्पनेवर निघाली, २०१९ मध्ये तिने ‘ड्रॉप’ हे नाव घेतले, आणि २०२३ मध्ये कॉर्सेर या कंपनीने ती विकत घेतली.

माल येण्याची मुदत हा आणखी एक असंतोषाचा विषय. विक्रेत्यापाशी शिल्लक नसेल तर कारखान्याची पाळी येईपर्यंत थांबावे लागते, आणि सॉकेटे चीनमधून यावयाची असतील तर तेथील नववर्षाच्या सुट्टीत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, कारखाने बंद असतात. काही बातमी नसली तरी ‘बातमी नाही’ एवढे दर आठवड्यास कळवणारा आयोजक शिव्या खात नाही.

अकरा हजार नळ्या हातांनी मोजणे हे वेड्याचे काम होय. नाजूक तराजूवर शंभर नळ्यांचे वजन दोन-तीनदा करून सरासरी काढतात आणि त्या हिशेबाने पुड्या बांधतात. वर चार-सहा नळ्या अधिक घालतात, म्हणजे तक्रारीला जागा उरत नाही. पाकिटाची मात्र काळजी घ्यावी लागते. साध्या लिफाफ्यात धातूचा गठ्ठा भरला तर टपालाच्या छाननीयंत्रात लिफाफा फाटतो आणि नळ्या वाटेत सांडतात. गादीचे अस्तर असलेले पाकीट घ्यावे, नळ्या आत चपट्या पसरून चिकटपट्टीने धराव्या.

देशोदेशी पाठवणी असेल तर प्रत्येक देशात एकेक उपआयोजक नेमण्याची पद्धत आहे. त्याच्याकडे त्या देशाचा माल एकगठ्ठा जातो आणि पुढचे वाटप तो करतो. यात टपाल वाचते, पण सीमाशुल्काचा प्रश्न उभा राहतो. दोनशे नळ्यांचे पाकीट घरगुती दिसते. भारतातील उपआयोजकाच्या नावे दोन-तीन हजार नळ्या आल्या तर त्या स्वतःच्या वापरासाठी आहेत हे पटवणे कठीण. किंमत कमी लिहून सुटका करून घेण्याचा सल्ला देणारे शहाणे येथे हमखास भेटतात. तसे करणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय माल गहाळ झाला तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते. शुल्काचा अंदाज आधीच वर्गणीत धरून उरलेले पैसे मागाहून परत करणे, हाच सरळ मार्ग.

२०१७-१८ च्या सुमारापासून सॉकेटे बसवूनच आलेले कळफलक बाजारात सर्रास मिळू लागले, त्यामुळे या खटाटोपाची निकड पूर्वीइतकी राहिलेली नाही. राहिली आहे ती जुन्या पाट्या सांभाळणाऱ्यांपुरती. त्यांच्या खरेदीत सर्वांची पाकिटे रवाना झाल्यावरही आयोजकापाशी दोन-चारशे नळ्या उरतात. त्या लगेच विकून मोकळे होऊ नये. ज्यांची पाकिटे वाटेत हरवतील त्यांच्यासाठी त्या राखून ठेवाव्या, आणि शेवटची पोच आल्यावर मगच त्यांचा हिशेब मिटवावा.