आराखड्यावरून पारख

सोलापुरी चादरीची नक्षी मागावर चढण्यापूर्वी चौकटीच्या कागदावर उतरते. विणलेले कापड तिच्याशी ताडून पाहता येते. संगणकप्रणालीची मॉडेलवर आधारित चाचणी याच रीतीने होते.

पालक यूपीआयने शुल्क भरतात, तेव्हा दोन बँका आणि मुंबईचे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन परस्परांना निरोप देतात. आजच्या अनेक मोठ्या प्रणाली आतूनही अशाच लहान, स्वतंत्र सूक्ष्मसेवांच्या बनलेल्या असतात. प्रत्येक सेवा निर्दोष असूनही एखादा निरोप हरवला, तर रक्कम कापली जाते, पण पोहोचत नाही.

चार टप्पे आणि प्रत्येकाचे होकार, नकार, मौन असे तीन परिणाम धरले, तरी 81 शक्यता होतात. हाताने त्या सर्व तपासणे कठीण. म्हणून व्यवहाराच्या अवस्था व त्यांमधील वाटा आखतात. त्यांवरून संगणक चाचण्या रचतो, खऱ्या प्रणालीवर चालवतो आणि तफावत दाखवतो.

मात्र आराखड्यात नसलेला नियम तपासला जात नाही. अडकलेली यूपीआय रक्कम नेमून दिलेल्या मुदतीत परत यावी, अन्यथा दररोज 100 रुपये भरपाई मिळावी, असे रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये ठरवले. एक दिवसाचा विलंब कोणत्या घराला किती जड जातो, हे जाणणारे आपले विद्यार्थी असे आराखडे आखू लागावेत, अशी आमची इच्छा आहे.