सरासरीच्या नकाशात न दिसणारा समुद्र

इंग्लंडहून न्यूयॉर्कला येणारी टपालाची जहाजे व्यापारी जहाजांपेक्षा पंधरवडाभर उशिरा पोहोचतात, अशी तक्रार अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे आली. अमेरिकेतील वसाहतींच्या टपालाची जबाबदारी तेव्हा त्यांच्यावर होती. देवमाशांच्या शिकारीचा अनुभव असलेले त्यांचे नातलग टिमोथी फोल्जर यांनी कारण सांगितले : टपालाचे कप्तान एका बलाढ्य प्रवाहाच्या विरुद्ध जहाज हाकीत राहतात, जाणते खलाशी तो ओलांडून बाजूने जातात. या माहितीवरून १७६९-७० च्या सुमारास गल्फ स्ट्रीमचा नकाशा छापला गेला. भूगोलाच्या पुस्तकात आपण पाहतो त्या तांबड्या बाणाचा हा पूर्वज होय.

हा बाण सोयीचा आहे, यात शंका नाही. परंतु तो सरासरीचा बाण आहे. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात जसे भुकेले घर दिसत नाही, तसे या बाणात समुद्राचे खरे चलनवलन दिसत नाही. १९५० च्या जूनमध्ये सहा जहाजांनी एकाच वेळी या प्रवाहाची पाहणी केली, तेव्हा त्यांना सरळ वाहणारी रुंद नदी आढळली नाही. आढळला तो एक अरुंद, नागमोडी पट्टा. त्याचे एक वळण वाढत वाढत मूळ प्रवाहापासून तुटले आणि स्वतंत्र भोवरा बनून फिरू लागले.

असे का व्हावे? प्रवाहाच्या किनाऱ्याकडील बाजूस थंड, जड पाणी असते. समुद्राकडील बाजूस उष्ण, हलके पाणी. दोहोंमधील सीमा तिरपी असते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे ती तशीच टिकून राहते. या तिरपेपणात स्थितिज ऊर्जेचा मोठा साठा असतो. प्रवाहाला लहानसा बाक आला, की हलके पाणी वर सरकते, जड पाणी खाली उतरते. साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि तीच त्या बाकाला आणखी वाढविते. वातावरणातील वादळांच्या बाबतीत चार्नी यांनी १९४७ मध्ये आणि ईडी यांनी १९४९ मध्ये जे गणित मांडले, तेच येथेही लागू पडते.

मग प्रवाह सर्वत्रच का मोडत नाही? येथे समुद्रतळाचा विचार करावयास हवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ हा प्रवाह खंडान्त उताराला धरून वाहतो. या उतारावर आडवे सरकणारे पाणी एकदम खोल वा उथळ भागात जाते. त्याचा स्तंभ ताणला किंवा दबला जातो, फिरण्याची गती बदलते आणि ते परत ढकलले जाते. उतार असा लगामाचे काम करतो. चार्ल्सटनजवळ तळावरील उंचवट्यामुळे प्रवाह डळमळतो, वळणे मोठी होतात. पण हॅटेरस भूशिराकडे जाताना ती पुन्हा मावळतात. त्या भूशिरापाशी मात्र प्रवाह उतार सोडून खोल समुद्रात शिरतो. लगाम सुटतो. पुढे शंभर ते तीनशे किलोमीटर व्यासाचे भोवरे सुटू लागतात आणि काही महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ टिकतात.

हे भोवरे म्हणजे प्रवाहाची उधळपट्टी नव्हे. महासागरातील गतिज ऊर्जेचा मोठा भाग अशा भोवऱ्यांतच असतो. उष्णता, क्षार आणि जलचरांचे अन्न यांची देवघेव ते करतात. कधी त्यांची किंमत मनुष्यालाही मोजावी लागते. याच प्रवाहमालिकेचा वरचा भाग मेक्सिकोच्या आखातात वळसा घेतो आणि त्यातून खोलवर उष्ण असलेले भोवरे सुटतात. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ अशा उष्ण पाण्यावरून गेले, झपाट्याने बळावले आणि २९ तारखेला लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले.

हा प्रश्न केवळ परक्या समुद्राचा नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रवाह मोसमाबरोबर दिशा बदलतो : पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. अरबी समुद्रातही भोवरे निर्माण होतात. १९९२ मध्ये अमेरिका-फ्रान्स यांच्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाने समुद्रपृष्ठाची उंची सेंटिमीटरांत मोजण्यास आरंभ केला. २०१३ मध्ये भारत आणि फ्रान्स यांचा ‘सरल’ उपग्रह श्रीहरिकोट्याहून याच कामासाठी गेला.

आता खर्चाचा मुद्दा. अशा माहितीचा लाभ मच्छीमाराला होतो, जहाजमालकाला होतो, किनाऱ्यावर झोपलेल्या कुटुंबालाही होतो. ज्याने पैसे दिले नाहीत त्याला वगळता येत नाही; म्हणूनच एकटा कोणीही ते देण्यास पुढे येत नाही. अर्थशास्त्र याला सार्वजनिक वस्तू म्हणते आणि तिचा भार सरकारी तिजोरीनेच उचलावयाचा असतो. काटकसरीच्या वर्षी पहिली कात्री अशाच खर्चाला लागते, कारण त्याचे नुकसान लगेच दिसत नाही. परंतु पूल पुढल्या वर्षी बांधता येतो. न मोजलेला समुद्र पुढल्या वर्षी मोजता येत नाही. मोजणीत पडलेला खंड मागाहून कोणत्याही किमतीला भरून निघत नाही, हे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.