वॅट जास्त म्हणजे सफाई जास्त?

उभ्या व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा मोटार किती वीज घेते, एवढेच सांगतो. धूळ किती ओढली जाईल, हे नव्हे. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१७ पासून तारेवर चालणाऱ्या घरगुती यंत्रांना ९०० वॅटची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. गालिच्यात रुतलेली धूळ मुख्यतः फिरता ब्रश सैल करतो. उलट ओढ फार वाढली, की यंत्राचे तोंड गालिच्याला चिकटते आणि ते ढकलताना वयस्करांचे मनगट, खांदे भरून येतात. म्हणूनच काही यंत्रांत हवा आत घेऊन ओढ कमी करणारी झडप असते. जिन्यावर मात्र वजनच आडवे येते. आपल्याकडील फरशीवर तर हाच ब्रश कचरा उडवतो. तो बंद करता येतो का, हे दुकानातच पाहावे. यंत्र एका हाताने उचलूनही.